महिना न लिहिलेली वाट

माझ्या टेबलाच्या खणात एक पिवळे पडलेले कात्रण आहे. लेख माझाच आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी भोरगिरी ते भीमाशंकर या जंगलातल्या पायवाटेवर लिहिले होते. लेखाचे त्या वेळी कौतुक झाले. भीमेच्या उगमाकडे चालत जाणे, झाडीतला शेकरू, कोटेश्वराच्या मंदिरातला गारवा असे सगळे त्यात होते. वाटेत लागणाऱ्या एका ओढ्याबद्दल मी लिहिले होते की, घोट्याएवढे खळाळते पाणी पायांना गुदगुल्या करते आणि माणूस नकळत लहान होतो.

दोन वर्षांनी माझा एक जुना विद्यार्थी ते कात्रण खिशात घालून दोन मित्रांसह त्या वाटेला गेला. महिना जुलै होता. जाताना ओढा गुडघ्याएवढा होता. दुपारी परतताना तो मांडीच्या वर चढला होता आणि तळ दिसत नव्हता. शेवाळलेल्या दगडावरून पाय सरकून त्याचा घोटा मोडला. रात्र तिघांनी ओढ्याच्या पलीकडे पावसात काढली. सकाळी पाणी उतरल्यावर गावातल्या चौघांनी घोंगडीची झोळी करून त्याला खाली आणले. प्लास्टर निघाल्यावर, गणपतीनंतर, तो राजगुरुनगरला घरी आला. चहा झाल्यावर त्याने कात्रण माझ्यापुढे ठेवले आणि पेपरातली चूक दाखवावी तशा सरळ आवाजात म्हणाला, "सर, यात महिना नाही."

मी ती वाट जानेवारीत चाललो होतो. लेखात ते लिहावे असे मला सुचलेही नव्हते.

त्या दिवसापासून पायी प्रवासावरचे मराठी लेखन मी एकच प्रश्न मनात ठेवून वाचत आलो आहे. या लेखनात प्रवासी आहे, मुक्काम आहे, इतिहास आहे, देव आहे. पण वाट कितपत आहे? वाट म्हणजे पायाखाली काय आहे, पाणी कुठे आहे, फाटा कुठे फुटतो, किती वेळ लागतो आणि हे सगळे कोणत्या महिन्यातले, कोणत्या वर्षीचे आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची काही उत्तरे मांडण्याचा प्रयत्न आहे. त्यातला पहिला आरोपी मी आहे हे आरंभीच सांगून ठेवतो.

वाटेची भाषा आपल्याकडे आहे

पहिली शंका अशी येते की, मराठीत वाटेचे नेमके वर्णन करणारे शब्दच नसतील. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. वाट मळलेली असते, रुळलेली असते, बुजलेली असते, मोडलेली असते. या चार शब्दांत वाटेचे सगळे आयुष्य आले. मळलेली वाट रोजच्या पायांची. बुजलेली वाट गवताखाली अजून आहे, शोधली तर सापडते. मोडलेली वाट मात्र माणसांनी सोडून दिलेली असते आणि तिच्यावरून जायचे तर नव्याने वाट काढावी लागते. डोंगरातल्या माणसाला विचारले तर तो यांपैकी एक शब्द वापरतो आणि त्या एका शब्दात जायचे की नाही याचे उत्तर असते.

जमिनीच्या घडणीचेही तसेच. सह्याद्री हा लाव्ह्याच्या आडव्या थरांचा डोंगर आहे. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याचा पदर होतो. म्हणून कोकणातून घाटमाथ्यावर येणारी जवळजवळ प्रत्येक वाट एकाच रीतीने चढते: एखाद्या सोंडेवरून पदरावर यायचे, पदरातून आडवे जायचे, कड्यातली नाळ किंवा खाच गाठायची आणि तिथून माथ्यावर निघायचे. सोंड, दांड, पदर, नाळ, खिंड, बेचके हे शब्द वाटेचा नकाशाच आहेत. कर्जत तालुक्यातल्या खांडसहून भीमाशंकरला येणाऱ्या दोन वाटांची नावेच पुरेशी बोलकी आहेत. शिडी घाट कड्याला भिडतो, तिथे अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. गणेश घाट लांबून, वळसा घेत येतो. कुणाला कोणत्या घाटाने पाठवावे हे नावातच सांगितले आहे.

तिसरी गोष्ट ऋतूची. आल्प्स किंवा हिमालयात वाटेचा धनी बर्फ आहे. खिंड उघडली की वाट आहे, खिंड बंद झाली की वाट नाही. सह्याद्रीत वाट बारा महिने उघडी दिसते आणि फसगत होते ती तिथेच. प्रत्यक्षात एकाच जागी वर्षात चार वाटा असतात. जून ते ऑगस्टची वाट शेवाळाची, धुक्याची आणि ओढ्यांची. तिच्यात सकाळचा ओढा दुपारी तोच राहत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरची वाट गवताची. पुरुषभर गवतात आणि कारवीत पायाखालचा खड्डा दिसत नाही, फाटा तर नाहीच नाही. नोव्हेंबर ते जानेवारीची वाट मोकळी आणि उदार. आपली बहुतेक वर्णने हिचीच असतात. मार्च ते मेची वाट घसाऱ्याची. मुरमावर पाय ठरत नाही, टाकी आटलेली, सावली गेलेली आणि उतरणे चढण्यापेक्षा अवघड. यांपैकी कोणत्या वाटेबद्दल आपण लिहितो आहोत हे न सांगणे म्हणजे पत्त्यात गावाचे नाव न घालता पत्र टाकणे.

शब्द आहेत, अनुभव आहे. मग छापील पानावर येताना त्यांचे काय होते? भटकंतीच्या लेखात हमखास भेटेल असे एक वाक्य मी स्वतःच रचून दाखवतो: 'निसर्गाचे ते रौद्र रूप पाहून आम्ही अवाक झालो, पण जिद्द सोडली नाही.' या वाक्यात तीन गोष्टी लपल्या आहेत. पाऊस होता की ऊन, कातळ होता की माती, आणि जिद्द सोडली नाही म्हणजे नेमके काय केले. आता हे पाहा: 'पावसाने कातळ ओला होता, धरायला गवताखेरीज काही नव्हते, म्हणून आम्ही बसून, एकेक करून उतरलो, त्या वीस पावलांना अर्धा तास लागला.' दुसरे वाक्य उपयोगी आहे असे सगळेच म्हणतील. माझे म्हणणे इतके की, साहित्य म्हणूनही तेच अधिक चांगले आहे. त्यात भीती दिसते, आणि ती कुणी घातलेली नाही.

तीन प्रकारची वाटचाल

मराठीतल्या लांबच्या पायी प्रवासाचा विचार विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'पासूनच सुरू करावा लागतो. कर्जाने गांजलेला वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल ही आशा होती. वाटेत सत्तावन्नचे बंड भेटले, झाशीचा वेढा भेटला, लूट भेटली आणि शेवटी गंगेची कावड घेऊन तो घरी परतला. चिं. वि. वैद्य यांनी फेरफार करून १९०७ मध्ये ते प्रसिद्ध केले. मूळ संहिता द. वा. पोतदारांनी १९६६ मध्ये आणली. ग्रंथ इतिहासाचे साधन म्हणून वाचला जातो. तो वाटेचा ग्रंथ म्हणून वाचला तर काय दिसते? गोडसे भटजींची वाट चढ-उताराने अवघड होत नाही, ती माणसांनी अवघड होते. पुढच्या गावात कुणाचा अंमल आहे, पहारा कुणाचा आहे, अंगावरचे द्रव्य कसे लपवायचे, रात्री कुठे टेकायचे: त्यांच्या वाटेची स्थिती ही राज्याची स्थिती आहे. ती ते बारकाईने सांगतात, कारण तिच्यावर जीव अवलंबून आहे. पंचवीसेक वर्षांनी आठवणीतून लिहूनही त्यांच्या लेखनात वाट जिवंत राहिली याचे कारण हेच असावे. पोटासाठी चालणारा माणूस वाटेकडे दुर्लक्ष करू शकत नाही.

दुसरा टप्पा इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती'तील 'वाटचाल' या लेखाचा. ही वाट माझ्याच तालुक्यातून निघते. आळंदी खेड तालुक्यात आहे. इथून ज्ञानेश्वरांची पालखी निघते आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून पंढरपूरला पोचते. कर्वे बाई मानवशास्त्रज्ञ. दिंडीबरोबर त्या चालल्या आणि पायांबरोबर डोळेही उघडे ठेवले. चिखल, ऊन, मुक्काम, बायांच्या गप्पा, त्यांचे हसणे हे सगळे लेखात आहे. पण त्यांना वाटेतला खरा अडसर दिसला तो दिंडीच्या आतला. एकच अभंग म्हणत चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बाया जेवायला वेगळ्या बसतात. मध्ये एकही ओढा नसताना पार न होणारे ते अंतर त्यांनी टिपले. मराठीतल्या चालण्यावरच्या लेखनात मला हा लेख सगळ्यात वर ठेवावासा वाटतो, कारण त्यात भक्ती आहे, प्रेम आहे आणि तरी वाटेतला खड्डा झाकलेला नाही.

वारीसंबंधी आणखी एक गोष्ट समीक्षेने नोंदवायला हवी. वाटेची खबर ठेवण्याची आपली सगळ्यात जुनी आणि शिस्तीची व्यवस्था वारीतच आहे. कोणत्या तिथीला कोणता मुक्काम, विसावा कुठे, दिंड्यांचा क्रम काय, दिवे घाटाची चढण कोणत्या दिवशी, हे सगळे ठरलेले असते, पत्रकात छापलेले असते. लाखो माणसे त्या तिथीवार माहितीवर विसंबून घर सोडतात. म्हणजे तारखेसकट वाट सांगणे मराठी माणसाला परके नाही. ललित लेख लिहायला बसल्यावर मात्र आपण ते पत्रक बाजूला ठेवतो.

तिसरा टप्पा गो. नी. दांडेकरांचा. 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून किल्ल्यांकडे वळलेल्या पिढीत मीही आहे. तळेगावला राहणाऱ्या या लेखकाने गड पाहायला शिकवले हे ऋण मोठे आहे. दांडेकर त्याच गडावर पुन्हा पुन्हा जातात. गडाखालची माणसे, त्यांची भाकरी, त्यांची बोली त्यांच्या लेखनात सन्मानाने येते. 'माचीवरला बुधा'मध्ये तर मुंबई सोडून राजमाचीला परतलेल्या म्हाताऱ्याच्या नजरेने डोंगर दिसतो. तिथे डोंगर म्हणजे चढून उतरायची गोष्ट उरत नाही, ते राहण्याचे ठिकाण होते.

अडचण दांडेकरांनंतर सुरू होते. त्यांच्या मागून आलेल्या आम्हा लेखकांनी त्यांचा भाव उचलला, त्यांची पायपीट उचलली नाही. आमच्या लेखांचा साचा ठरून गेला: पहाटेची गाडी, पायथ्याचे गाव, एका परिच्छेदात चढण, मग दरवाजा, बुरूज, टाकी, इतिहास आणि शेवटी मावळता सूर्य. चढणीचा परिच्छेद सगळ्यांत लहान. त्यात दम लागलेला असतो, पण वाट नसते. गड हा गाभारा झाला आणि वाट त्याच्या बाहेर चपला काढायची जागा. माझा भीमाशंकरवरचा लेख याच साच्यातला होता. ओढा मला रूपक म्हणून हवा होता, त्यामुळे तो पाणी म्हणून मी पाहिलाच नाही.

अहवाल आणि लालित्य

याच काळात शेजारी एक वेगळे लेखन चालू होते. त्याची समीक्षा सहसा कुणी करत नाही, कारण त्याला साहित्य मानले जात नाही. हिमालयन क्लबची स्थापना १९२८ ची, त्याचे 'हिमालयन जर्नल' १९२९ पासूनचे. पुढे दीर्घकाळ मुंबईच्या हरीश कापडिया यांनी त्याचे संपादन केले. सह्याद्रीतल्या वाटांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक आमच्या पिढीतल्या अनेकांच्या पाठपिशवीत असे. मराठीत आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रा'ने तेच काम केले: घाटवाटा, नकाशे, अंतरे, कुठून कुठे निघता येते. या लेखनामागे गिर्यारोहणाच्या अहवालाची शिस्त आहे. कोण गेले, केव्हा गेले, किती उंची, हवा कशी होती, कुठून परत फिरलो. परत फिरल्याची नोंद अहवालात लाजिरवाणी नसते. पुढच्या तुकडीसाठी तीच सगळ्यात मोलाची असते.

पुण्याच्या 'गिरिप्रेमी'ने २०१२ मध्ये एव्हरेस्टची मोहीम यशस्वी केली. त्याआधी १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले होते. अशा मोहिमांनंतर मराठीत गिर्यारोहणाचे लेखन वाढले आणि त्यात तारीख, उंची, हवामान आपोआप आले. आठ हजार मीटरवर महिना न लिहून चालत नाही. पण हजार मीटरच्या सह्याद्रीत चालते असे आपण धरून बसलो. खरे तर उलट आहे. मोठ्या शिखरावर जाणारा माणूस तयारी करून जातो. भीमाशंकरला जाणारा दिवाळी अंकातला लेख वाचून जातो.

युरोपातील उदाहरण इथे उपयोगी पडेल. माँ ब्लाँ पर्वताला प्रदक्षिणा घालणारी वाट सुमारे १७० किलोमीटरची, फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाणारी. हंगामाच्या सुरुवातीला तिच्या उंच खिंडींत बर्फ साचलेले असते आणि चालणारे त्याची ताजी खबर घेऊनच निघतात. स्वित्झर्लंडमधल्या वाटांवर पिवळ्या पाट्या असतात आणि त्यांवर अंतर नसते, वेळ असतो. डोंगरवाटेला पांढरी-लाल-पांढरी खूण, त्याहून अवघड अल्पाइन वाटेला पांढरी-निळी-पांढरी. तिथल्या अल्पाइन क्लबने २००२ मध्ये वाटांच्या सहा श्रेण्या ठरवल्या. साध्या फिरण्यापासून हात लावून चढण्यापर्यंत प्रत्येक श्रेणीत पायाखाली काय असेल आणि चालणाऱ्याला काय यायला हवे हे लिहिलेले आहे. आपल्याकडे 'सोपी, मध्यम, कठीण' एवढ्यावर भागते आणि सोपी कुणाला, हे विचारायचे राहते.

हे वाचून कुणी म्हणेल की, साहित्याने पाट्यांचे काम का करावे? आक्षेप रास्त आहे. ललित लेखाला मार्गदर्शिका व्हायला सांगणे अन्यायाचे होईल. पण पायी प्रवासाच्या लेखाचा करार इतर ललित लेखनाहून थोडा वेगळा असतो. कवितेतली नदी कुणी पोहायला जात नाही. 'मी या वाटेने गेलो' असे लेखक प्रथमपुरुषी सांगतो तेव्हा 'तुम्हीही जाऊ शकाल' हे न लिहिलेले वाक्य वाचक ऐकतोच. त्या वाक्याची जबाबदारी लेखकाची आहे.

वाट बदलते, पुस्तक बदलत नाही

तारखेचा आग्रह आणखी एका कारणासाठी. वाटा मरतात. नर्मदा परिक्रमेवर मराठीत मोठे लेखन आहे. दांडेकरांची 'कुण्या एकाची भ्रमणगाथा' आहे, जगन्नाथ कुंटे यांचे 'नर्मदे हर हर' तर घराघरांत गेले. परिक्रमेच्या लेखनात हाल ही परीक्षा असते आणि मदत ही मैयाची कृपा. त्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. पण शूलपाणीच्या झाडीतला काठ, जिथे परिक्रमावासी लुटले जात आणि तेही परिक्रमेचा भाग मानला जाई, त्याचा मोठा भाग सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेला. धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत नेल्यावर २०१७ मध्ये लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण भरला. काठाने चालण्याची वाट गेली, लोकांची गावेही गेली. जुनी पुस्तके तशीच पुन्हा छापली जातात. नवा वाचक त्यांतल्या वाटेवर निघतो आणि त्याला डांबरी रस्ता भेटतो. प्रत्येक आवृत्तीत 'हा प्रवास अमुक साली केला. त्यानंतर काठ बुडाला' अशी दोन ओळींची टीप घालणे प्रकाशकांना अवघड नाही.

कैलास-मानसरोवराचेही तेच. ऑगस्ट १९९८ मध्ये काली नदीच्या खोऱ्यात मालपा येथे दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत साठ यात्रेकरू होते. २०२० मध्ये लिपुलेखकडे जाणारा रस्ता खुला झाला आणि कित्येक दिवसांची चाल संपली. आपल्याकडची कैलासवर्णने कोणत्या वाटेची आहेत हे साल पाहिल्याशिवाय कळत नाही आणि साल बहुधा प्रस्तावनेत शोधावे लागते.

घराजवळ याल तर ३० जुलै २०१४ ची सकाळ आंबेगाव तालुक्यात कुणी विसरलेले नाही. माळीणवर डोंगर आला आणि १५१ माणसे गाडली गेली. ज्या उतारांचे आपण 'हिरवागार शालू' म्हणून वर्णन करतो ते उतार पावसात जागचे हलतात, हे त्या सकाळनंतर लिहिताना विसरता येऊ नये. खेड-मावळच्या माथ्यावर पवनचक्क्यांसाठी डोंगर कापून रस्ते काढले गेले. त्यांतून झालेल्या हानीची दखल माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात घेतली. त्या अहवालाला कुणी प्रवासवर्णन म्हणणार नाही. पण भीमाशंकरच्या परिसरात वाटेचे काय झाले हे जाणून घ्यायला तो माझ्या लेखापेक्षा नक्कीच विश्वासार्ह आहे.

वाट कोण राखते

शेवटचा मुद्दा मला पुस्तकांनी शिकवला नाही. यंदा जानेवारीत मी पुन्हा भोरगिरीला गेलो. राजगुरुनगरहून चास, वाडा, टोकावडे करत एसटीने. धरणाच्या पाण्याकडेने जाणाऱ्या त्या रस्त्यावर सकाळी उलट दिशेने येणाऱ्या कंपन्यांच्या बस भेटतात. पहिल्या पाळीची पोरे घेऊन त्या चाकणकडे चाललेल्या असतात. गावात एका म्हाताऱ्या बाबांना मी जुन्या वाटांबद्दल विचारले. पूर्वी मुख्य वाटेला डावी-उजवीकडे कितीतरी ढोरवाटा फुटत. चुकलेला माणूस त्यांतली कोणतीही धरून कुठल्यातरी वाडीवर निघे. आता त्या दिसत नव्हत्या.

"दिसनार कशा मास्तर?" बाबा म्हणाले. "पोरं चाकनला कंपनीत गेली, गुरं इकली. आमच्या वाटंनं कोन चालनार? आता ही ट्रेकवाल्यांची तेवढी ऱ्हायलीय."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पोराला पगार मिळतो याचे समाधानच होते. पण त्या दोन वाक्यांनी मला माझ्या विषयाची दुसरी बाजू दाखवली. वाट हा निसर्गाचा भाग आहे असे आपण लिहितो. ती माणसांच्या आणि जनावरांच्या रोजच्या कामातून झालेली असते आणि काम थांबले की मोडते. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळापासून लेणी आहेत, पाण्याची टाकी आहेत, जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. तिथे वाट राखणे हे राज्याचे काम होते. भोरगिरीत ते गुराख्यांचे होते. शनिवार-रविवारी येणाऱ्या गटांनी मुख्य वाट इतकी रुंद केली आहे की ती चुकण्याची भीती कमी झाली. पण ती चुकलीच, तर धरायला दुसरी उरली नाही. वाट सोपीही झाली आणि धोक्याचीही, आणि हे दोन्ही एका वाक्यात मांडणारा लेख मी अजून वाचलेला नाही.

माझ्या विद्यार्थ्याला झोळीतून खाली आणणाऱ्या चौघांची नावे माझ्या जुन्या लेखात असण्याचे कारण नव्हते. पण ज्या पायांनी ती वाट केली त्या पायांचाही उल्लेख तिथे नव्हता. वाटेची खबर गाळली की तिच्याबरोबर वाट करणारी माणसेही गळतात. ओढ्याला जुलैत किती पाणी असते हे ज्याला माहीत होते, त्याला मी विचारलेच नव्हते. त्याला विचारले असते तर महिना आपोआप लेखात आला असता.

म्हणून समीक्षक या नात्याने माझी मागणी मर्यादित आहे. भटकंतीच्या लेखाला प्रतिमा कमी पडली तरी चालेल. तो कोणत्या महिन्यातला, कोणत्या वर्षीचा आहे ते त्यात असावे. लेखक कुठे घाबरला, कुठे परत फिरला, कुणाला वाट विचारली ते असावे. दिवाळी अंकांच्या संपादकांनी एवढ्या तीन गोष्टी तपासल्या, तरी पुढच्या दहा वर्षांत या लेखनाचा पोत बदलेल असा माझा विश्वास आहे.

आता कात्रणातला तो परिच्छेद मी नव्याने लिहितो. विद्यार्थ्याला दाखवून घेतला आहे. त्याने एक दुरुस्ती सांगितली, ती केली.

'ही वाट मी रविवार, १२ जानेवारी २०२५ रोजी चाललो. माझे वय ६७. भोरगिरीहून सकाळी सव्वासातला निघालो, वाटेत तीनदा थांबलो, भीमाशंकरला पोचायला साडेतीन तास लागले. ओढ्यात दगडांवर पाय ठेवून कोरडे जाता आले. गावातले लोक सांगतात की, पावसाळ्यात हा ओढा तासाभरात चढतो आणि तेव्हा ते स्वतः पलीकडे जात नाहीत, पाणी उतरेपर्यंत थांबतात. जुन्या ढोरवाटा मोडल्या आहेत. मुख्य वाट सुटली तर पुढे न जाता आल्या पावली मागे फिरावे. निघण्याआधी भोरगिरीत वाट विचारावी.'

शेवटचे वाक्य ही त्याची दुरुस्ती आहे. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा त्या तारखेवरून एक पावसाळा गेलेला असेल.